छर्रा सोडला त्यापेक्षा वर उडाला!

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. होस्टेलच्या रूममध्ये आम्ही चौघं, दोन लॅपटॉप, खडखडणारा एक पंखा आणि मेसच्या काकांकडून मिनतवारी करून आणलेला चहाचा थर्मास. स्क्रीनवर पोलादाचा एक छर्रा एका पिझो चकतीवर पडत होता. एक सेंटीमीटरवरून सोडलेला. तो चकतीवर आपटला आणि उसळी मारून चक्क दीड सेंटीमीटर वर गेला.

"भारीच की रे!" रूममेट म्हणाला. "देशाचा वीजप्रश्न मिटला. लोडशेडिंग बंद!"

आम्ही पोट धरून हसलो. आणि मग एकदम गप्प झालो. कारण याच मॉडेलच्या जोरावर दीड महिन्यापूर्वी आम्ही प्रोजेक्टचा पहिला सेमिनार दिला होता, आणि टाळ्यासुद्धा घेतल्या होत्या.

मित्रांनो, हा लेख त्या दीड सेंटीमीटरबद्दल आहे. विषय थोडा टेक्निकल आहे, पण पानं उलटू नका. सिव्हिल, कॉम्प्युटर, आयटीवाल्यांनीही वाचा. कारण मला जे म्हणायचं आहे ते पिझोपुरतं नाही. आपण इंजिनिअरिंग शिकतो म्हणजे नेमकं काय शिकतो, त्याबद्दल आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. पिझोइलेक्ट्रिक पदार्थ म्हणजे दाबला की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार तयार होतो, आणि उलट व्होल्टेज दिलं की तो किंचित आकार बदलतो. १८८० साली पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी हा गुण क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत शोधला. पिएर तेव्हा २१ वर्षांचा होता. आज आपण वापरतो ते बहुतेक पीझेडटी नावाचं सिरॅमिक. ते नैसर्गिक क्वार्ट्झपेक्षा शेकडो पट जास्त भार देतं. क्वार्ट्झ एका न्यूटनला साधारण २ पिकोकूलोम देतो, तर पीझेडटी ४०० च्या आसपास. आपल्या घरच्या गॅसच्या लायटरमध्ये हेच सिरॅमिक असतं, आणि दहा-वीस रुपयांच्या बझरच्या चकतीवरही हेच चिकटवलेलं असतं.

आमचा प्रोजेक्ट होता 'पावलांपासून वीज'. हसू नका! प्रत्येक कॉलेजात प्रत्येक वर्षी निदान एक ग्रुप हा प्रोजेक्ट घेतोच. फरक इतकाच की आम्ही ठरवलं, नुसत्या टाइल बनवायच्या नाहीत. पाय, बूट, चेंडू, असं काहीही हलतं येऊन पिझोवर आदळलं की काय होतं, ते सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेट करायचं. सुरुवात सोपी म्हणून छर्ऱ्यापासून केली. १० मिलिमीटरचा, वजन चार ग्रॅम.

सेमिनारला आम्ही काय दाखवलं? छर्रा चकतीला टेकलेला, खाली चकतीवर लाल, पिवळी, हिरवी, निळी वलयं. बाजूला रंगांची पट्टी, आणि लाल रंगापुढे आकडा हजारांत. व्होल्ट! सगळे खूश. त्या दिवशी सरांना चोवीस ग्रुप बघायचे होते, त्यांचाही दोष नाही. शंका काढली ती एकट्या मामांनी. प्रोजेक्टर आवरायला आलेले आमचे वर्कशॉपचे मामा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "पोरांनो, ती गोळी चिकटली व्हय रं? लोखंडाची गोळी अशी चिकटून बसती का कुठं?"

आम्ही म्हणालो, "मामा, ते तसंच असतं सिम्युलेशनमध्ये."

तसं अजिबात नसतं. मामांचंच बरोबर होतं.

कॉन्टॅक्टचं दुखणं काय असतं ते आता सांगतो. आपल्या जगात दोन वस्तू एकमेकींत घुसत नाहीत, हे सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला ते सांगावं लागतं. त्याच्या दृष्टीने छर्रा म्हणजे ठिपक्यांची एक जाळी आणि चकती म्हणजे दुसरी जाळी. तुम्ही काही सांगितलं नाही तर एक जाळी दुसरीतून आरपार निघून जाईल, भुतासारखी. म्हणून आपण 'कॉन्टॅक्ट' डिफाइन करतो. आणि इथे सॉफ्टवेअर अगदी नम्रपणे एक पर्याय आधीच भरून ठेवतं. आम्ही वापरत होतो त्यात तो पर्याय होता 'बाँडेड'. म्हणजे फेव्हिकॉल. दोन पृष्ठभाग कायमचे चिकटले. वेल्डिंगच्या जॉबला हे ठीक आहे. पण आदळणाऱ्या छर्ऱ्याला फेव्हिकॉल लावला तर तो उसळत नाही, चकतीला धरून वरखाली डोलत बसतो. दाबतो तेवढाच ओढतोसुद्धा. आमच्या ग्राफमध्ये व्होल्टेज पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असं सुंदर नाचत होतं. आम्हाला वाटलं, वा, एसी मिळाली! ती एसी फेव्हिकॉलची होती.

मामांच्या प्रश्नानंतर आम्ही 'बाँडेड' काढून सुटा होऊ शकणारा कॉन्टॅक्ट लावला. तेव्हा दुसरं दुखणं सुरू झालं. अशा कॉन्टॅक्टमध्ये सॉफ्टवेअर बहुधा दोन पृष्ठभागांच्या मध्ये एक काल्पनिक स्प्रिंग घालतं. छर्रा चकतीत थोडासा घुसला की ही स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते. स्प्रिंग फार मऊ ठेवली तर छर्रा श्रीखंडात चमचा जावा तसा आत जातो. फार कडक ठेवली तर गणित थरथरतं आणि सोल्यूशन कन्व्हर्ज होत नाही. आणि मग आपण काय करतो? खरं सांगा, तुम्हीही केलं असेल. आपण तो स्टिफनेस फॅक्टर खालीवर करत बसतो, लाल अक्षरातली एरर जाईपर्यंत. एरर गेली की आपल्या दृष्टीने उत्तर बरोबर! फॅक्टर किती ठेवला आणि का ठेवला हे रिपोर्टमध्ये कोणी लिहीत नाही.

तिसरं दुखणं वेळेचं. आणि छर्रा वर उडाला तो यामुळे.

छर्रा आदळतो तो क्षण किती छोटा असतो? याचं उत्तर काढायला कॉम्प्युटर लागत नाही. १८८१ साली हाइनरिख हर्ट्झने ते गणित मांडून ठेवलं आहे. हो, तोच रेडिओ लहरीवाला हर्ट्झ. बर्लिनमध्ये असताना, ख्रिसमसच्या सुट्टीत, एकमेकांवर दाबलेल्या काचेच्या भिंगांचा विचार करता करता त्याने दोन गोल पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तर काय होतं याचं उत्तर काढलं. वय २३. म्हणजे आपल्याकडच्या केटी काढत काढत पास होणाऱ्या सीनियरएवढंच! योगायोग बघा, पिझोचा शोध आणि कॉन्टॅक्टचं गणित ही दोन्ही एकाच वर्षाच्या अंतरातली भावंडं आहेत.

तर हर्ट्झच्या सूत्रात आमचे आकडे घातले. चार ग्रॅमचा छर्रा, एक सेंटीमीटरवरून सोडला की आदळताना वेग ०.४४ मीटर प्रति सेकंद. उत्तर आलं: छर्रा चकतीला टेकून राहतो तो सुमारे ५५ मायक्रोसेकंद. त्या वेळात दोघांमिळून पृष्ठभाग दबतो जेमतेम ८ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. आणि जोर येतो सुमारे १२० न्यूटन. चार ग्रॅमच्या गोळीचा जोर बारा किलोच्या गोणीइतका, पण सेकंदाच्या वीस हजाराव्या भागापेक्षा किंचित जास्त वेळ! हे आकडे आदर्श, पूर्ण लवचीक टकरीचे आहेत आणि जाड पदार्थासाठीचे आहेत. आमची चकती पातळ. तरी अंदाजाला पुष्कळ.

आता आमचा सॉफ्टवेअरमधला टाइम स्टेप किती होता? एक मिलिसेकंद. म्हणजे टकरीच्या एकूण वेळेच्या जवळजवळ अठरा पट! मुंबई-पुणे लोकोमोटिव्हचा फोटो तासाला एक काढायचा आणि म्हणायचं, गाडी बोगद्यात शिरलीच नाही, असा प्रकार. एका स्टेपला छर्रा हवेत होता. पुढच्या स्टेपला तो ०.४४ मिलिमीटर पुढे गेलेला, म्हणजे खऱ्या दाबाच्या पन्नास पट आत घुसलेला. आता ती काल्पनिक स्प्रिंग जागी झाली आणि तिने पन्नास पट दाबल्या गेलेल्या स्प्रिंगच्या ताकदीने छर्ऱ्याला बाहेर फेकलं. झाला वर उड्डाण. ऊर्जा कुठून आली? कुठूनच नाही. ती आमच्या आळसातून आली. लहान स्टेप घेतला असता तर रन रात्रभर चालला असता, आणि आम्हाला सकाळी झोपायचं होतं.

उसळी वर गेली म्हणून चूक डोळ्यांत भरली. पण समजा छर्रा दीड सेंटीमीटरऐवजी पाऊण सेंटीमीटर उडाला असता, तर? चूक तेवढीच, पण चित्र पटण्यासारखं. आम्ही ते बिनधास्त रिपोर्टात छापलं असतं. या विचाराने मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही.

आणि ते हजारो व्होल्ट? तेही फसवंच निघालं. खऱ्या चकतीवर वरून चांदीचा पातळ थर असतो. तो इलेक्ट्रोड. तो वाहक, म्हणून त्यावर सगळीकडे व्होल्टेज एकच असणार. मॉडेलमध्ये हे वेगळं सांगावं लागतं की या पृष्ठभागावरचे सगळे नोड एकाच व्होल्टेजला बांध. आम्ही ते विसरलो. त्यामुळे छर्ऱ्याखालच्या ०.२ मिलिमीटर त्रिज्येच्या ठिपक्यात, जिथे दाब प्रचंड, तिथे सॉफ्टवेअरने प्रचंड व्होल्टेज दाखवलं. प्रत्यक्षात तिथला भार सगळ्या चकतीवर पसरतो. हिशोब सोपा आहे. १२० न्यूटन गुणिले ४०० पिकोकूलोम म्हणजे सुमारे ४८ नॅनोकूलोम. चकतीची कपॅसिटी सुमारे २० नॅनोफॅरड. भागाकार करा. उत्तर सुमारे २.४ व्होल्ट. हजारो नव्हे, अडीचसुद्धा नाही!

ऊर्जा तर त्याहून गमतीची. छर्ऱ्याची पडण्याची ऊर्जा ४०० मायक्रोज्यूल. त्यातून चकतीत साठलेली विद्युत ऊर्जा ०.०६ मायक्रोज्यूलच्या आतबाहेर. सात हजारांतला एक हिस्सा.

एवढं झाल्यावर आमच्या ग्रुपमधल्या टॉपर मॅडम म्हणाल्या, "कागद पुरे झाले. आता खरंच टाकून बघू या." तापकीर गल्लीतून बझरच्या सहा चकत्या आणल्या. मामांनी जुनं बेअरिंग फोडून छर्रा काढून दिला. फूटपट्टी, फेव्हिक्विक, इलेक्ट्रॉनिक्स लॅबचा डीएसओ. सगळा खर्च शंभर-सव्वाशे रुपये, म्हणजे चौघांच्या एका संध्याकाळच्या मिसळीपेक्षा कमी. चकती लाकडी टेबलावर चिकटवली आणि छर्रा सोडला.

जे दिसलं त्याने आणखी एक धडा मिळाला. व्होल्टेज हाताच्या हिशोबाच्या निम्म्याहूनही कमी आलं. का? कारण सिरॅमिकच्या खाली पितळ आहे, पितळाखाली गोंद आहे, गोंदाखाली लाकूड आहे, आणि हे सगळे थोडे थोडे दबतात. आमच्या मॉडेलमध्ये चकतीखाली आम्ही 'फिक्स्ड सपोर्ट' दिला होता, म्हणजे जगात कुठेही नसलेली अचल जमीन. शिवाय दहा वेळा छर्रा सोडला तर दहा वेगवेगळी उत्तरं. एकदा मध्यावर पडला, एकदा कडेला, एकदा चांदीच्या थरावर आधीच झालेल्या खड्ड्यात. सॉफ्टवेअर मात्र कितीही वेळा रन करा, दशांशानंतर सहा आकड्यांपर्यंत तेच उत्तर देतं. तो ठामपणा बघून आपण फसतो. मला वाटतं, खोटं बोलणाऱ्या माणसाची गोष्ट कधी बदलत नाही, तसंच आहे हे!

मग पितळ, गोंद आणि लाकूड मॉडेलमध्ये घातलं. टाइम स्टेप एका मायक्रोसेकंदावर आणला. छर्ऱ्याखाली मेश बारीक केला. इलेक्ट्रोड बांधला. तेव्हा कुठे सिम्युलेशन आणि डीएसओ एकमेकांना ओळख देऊ लागले. आणि तेव्हाच मला सिम्युलेशनची खरी किंमत कळली. गोंद जाड केला तर काय, चकती मोठी केली तर काय, हे शंभर चकत्या न फोडता विचारता येऊ लागलं. म्हणजे सिम्युलेशन वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. ते प्रयोगाचा हात धरून चाललं तर शहाणं, एकटं सोडलं तर वाया गेलेलं.

आता ज्या टाइलपायी हा उद्योग सुरू झाला तिचाही हिशोब सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ज्युनियर्सचे कष्ट वाचतील. ६० किलोचा विद्यार्थी एका चकतीवर नीट उभा राहिला तर जोर ६०० न्यूटन. भार २४० नॅनोकूलोम, व्होल्टेज १२, ऊर्जा दीड मायक्रोज्यूलहून कमी. साधा एलईडी एक सेकंद नीट पेटवायला ६० मिलिज्यूल लागतात. म्हणजे ४० हजार पावलं! दाबताना आणि सोडताना दोन्ही वेळचा भार धरला तरी २० हजार. "मग एका टाइलखाली शंभर चकत्या लावू," असं सगळेच म्हणतात. आम्हीही म्हणालो होतो. पण पाय तर एकच आहे! शंभर चकत्या शेजारी शेजारी लावल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सहाच न्यूटन येतात, आणि ऊर्जा जोराच्या वर्गाने घटते. एकूण ऊर्जा वाढत नाही, उलट शंभर पट कमी होते. चकत्या एकीवर एक रचल्या तर मात्र प्रत्येकीला पूर्ण जोर मिळतो. चकती वाकवून वापरली तर याहून पुष्कळ जास्त मिळतं, म्हणून तर सगळे मध्ये रबराचा तुकडा लावतात. पण सिरॅमिक वाकायला तयार नसतं, थोडं जास्त झालं की तडकतं. आमच्या सहापैकी दोन अशाच गेल्या.

आणि वरची मर्यादा कुठे आहे? टाइल ५ मिलिमीटर दबली तर ६०० न्यूटन गुणिले ०.००५ मीटर म्हणजे ३ ज्यूल. एका पावलात यापेक्षा जास्त कोणीही, कुठलंही यंत्र लावून काढू शकत नाही. आपल्या मेसच्या दारात अशी टाइल बसवली, ४०० पोरं दिवसातून चार वेळा आत-बाहेर गेली, म्हणजे ३२०० पावलं. एक कणही वाया न जाता मिळतील ९६०० ज्यूल. ९ वॅटचा एलईडी बल्ब जेमतेम १८ मिनिटं. आणि ती ऊर्जाही फुकट नाही. वाळूत चालल्यासारखी आपल्याच पायांतून, म्हणजे मेसच्याच पोळ्यांतून वसूल होणार! जपानमध्ये २००६ साली टोकियो स्थानकाच्या तिकीट गेटपाशी अशा फरशांची चाचणी झाली होती. तिथे रोज किती पावलं पडत असतील याची कल्पना करा, आणि मग आपल्या मेसचं दार बघा.

मग पिझो आणि कॉन्टॅक्ट यांचं लग्न कुठे जमतं? जिथे कॉन्टॅक्ट कसा होईल हे नशिबावर सोडलेलं नाही तिथे. घरचा गॅसचा लायटर घ्या. तुम्ही हळू दाबा की जोरात, ठिणगी सारखीच. कारण तुमचं बोट पिझोला लागतच नाही. बोट फक्त स्प्रिंग दाबतं, ठराविक जागी स्प्रिंग सुटते आणि छोटी हातोडी पिझोच्या कांडीवर ठराविक वेगाने आदळते. तुमच्या आईचा, आजीचा आणि माझा हात वेगळा, पण टक्कर एकच. केवढी हुशारी आहे ही! काही मिलिमीटर हवेतून ठिणगी पडते म्हणजे तिथे हजारो व्होल्ट तयार होतात, आणि ते खरे असतात, आमच्या रंगीत पट्टीवरचे नव्हेत.

दुसरं उदाहरण कॅमेऱ्याच्या लेन्सचं. १९८७ मध्ये कॅननने पहिल्यांदा लेन्समध्ये अल्ट्रासॉनिक मोटर बसवली. तिच्यात पिझोमुळे एका धातूच्या कड्यावर लाट फिरते. लाटेची उंची मायक्रोमीटरच्या आसपास, आणि तिच्या माथ्यांवर दुसरं कडं दाबून बसवलेलं असतं. घर्षणाने ते पुढे सरकतं. घर्षण नसेल तर मोटर फिरणारच नाही. तिथे कॉन्टॅक्ट ही अडचण नाही, ते इंजिनच आहे. अशी मोटर डिझाइन करायची तर कुठे चिकटतं, कुठे घसरतं, किती झिजतं, हे सिम्युलेशनमध्ये आलंच पाहिजे. तिथे 'बाँडेड' ठेवून चालेल का? तिथे फेव्हिकॉल लावला तर फोकसच होणार नाही.

तिसरं, गॅदरिंगला आपण वाजवतो तो इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड. बऱ्याच पॅडच्या रबराखाली आमच्यासारखीच पिझो चकती असते. काठी एकदा मारली आणि ती बारीकशी उसळून पुन्हा टेकली, तर आवाज दोनदा येतो. म्हणून सर्किटमध्ये पहिल्या ठोक्यानंतर काही मिलिसेकंद कान बंद ठेवतात. हे किती ठेवायचं ते कळायला काठीची उसळी समजली पाहिजे. पुन्हा कॉन्टॅक्टच.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे सिम्युलेशनला मार्क मिळतात ते रंगांचे. चित्र रंगीत, अॅनिमेशन चालतंय, बाइंडिंग सोनेरी अक्षरांचं, झालं काम. कॉन्टॅक्ट कुठला निवडला, का निवडला, टाइम स्टेप किती, ऊर्जेचा हिशोब जुळतो का, हे विचारणारा आम्हाला फक्त एक माणूस भेटला आणि त्याला सॉफ्टवेअर उघडताही येत नाही.

सरांना आणि मॅडमना माझी नम्र विनंती आहे. सिम्युलेशनच्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तीन पानं सक्तीची करा. पहिल्या पानावर, कुठली वस्तू कुठल्या वस्तूला कशी टेकते असं आम्ही गृहीत धरलं, ते साध्या मराठीत किंवा इंग्रजीत. दुसऱ्या पानावर, त्याच प्रश्नाचा हाताने केलेला अंदाजी हिशोब. तिसऱ्या पानावर, शंभर-दोनशे रुपयांत करता येईल असा एक प्रयोग, आणि तो फसला असेल तर तो फसलेला आकडा. आणि त्या फसलेल्या आकड्याला मार्क द्या. नाहीतर आम्ही तो कधीच दाखवणार नाही.

यावर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. "वेळ कुठे आहे? सबमिशन, ओरल, कॅम्पस!" मान्य. पण आमचा प्रयोग दोन दुपारींत झाला. स्टिफनेस फॅक्टर खालीवर करण्यात आमचे तीन आठवडे गेले होते. "एक्स्टर्नलला रंगीत चित्रंच आवडतात." असेल. पण एक्स्टर्नलही कधीतरी विद्यार्थी होते. त्यांनाही खरा ग्राफ बघून बरं वाटेल असा माझा अंदाज आहे. "कंपनीत सगळं सॉफ्टवेअरवरच करतात." हे अर्धसत्य. कंपनीत सॉफ्टवेअरवर करतात आणि मग टेस्ट रिगवर पडताळतात. पडताळलं नाही तर वस्तू परत येते. आपल्याकडे रिपोर्ट परत येत नाही, लायब्ररीच्या कपाटात जातो. आणि पुढच्या वर्षीचा ग्रुप तोच रिपोर्ट उघडून त्यातला आकडा खरा मानून पुढे चालतो. आमच्या हजारो व्होल्टवर कोणीतरी आणखी एक प्रोजेक्ट उभा केला असता. हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

शेवटी आमचं काय झालं, हे विचाराल. फायनलच्या आदल्या रात्री आमच्यात जोरदार भांडण झालं. दोघं म्हणत होते, जुनी चित्रं ठेवू, कोणाला कळतंय? दोघं म्हणत होतो, नाही. तोडगा टॉपर मॅडमनी काढला. जुनं चित्र आणि नवा ग्राफ दोन्ही समोरासमोर लावायचे, आणि मध्ये लिहायचं, 'आमची चूक'. एक्स्टर्नल सरांनी ते पान बराच वेळ पाहिलं. "एवढंच व्होल्टेज?" असं विचारलं. "हो सर, एवढंच," आम्ही म्हणालो. मग त्यांनी छर्रा किती वेळ टेकतो ते विचारलं आणि आम्हाला उत्तर येत होतं. चार वर्षांतल्या सगळ्या ओरल्समध्ये उत्तर पाठ न करता येत असण्याची माझी ही पहिलीच वेळ. मार्क बरे पडले. पहिला नंबर दुसऱ्या ग्रुपला गेला, त्यांचं अॅनिमेशन खरोखर सुंदर होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

प्रोजेक्ट संपल्यावर राहिलेला छर्रा मामांना परत द्यायला गेलो. म्हटलं, "मामा, गोळी चिकटत नाही. तुमचं बरोबर होतं."

मामा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "मग? टाकून बघायचं की आधी."

हा लेख वाचून एवढं जरी लक्षात राहिलं तरी मला पुरे.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी